मास्तरांच्या कादंबरीत तू आधीच मेली होतीस

काकू,

तू गेलीस हे कळवायला मी मुंबईला प्रकाशकांच्या ऑफिसात फोन केला. मास्तरांची कादंबरी अजून तेच छापतात, म्हटलं त्यांना तरी कळायला हवं. फोनवरचा माणूस सभ्य होता. म्हणाला, "मॅडम, तुमचा काहीतरी गोंधळ होतोय. त्यांच्या मिसेस तर त्यांच्या कितीतरी आधी गेल्या. ती कादंबरीच त्यांच्या जाण्यावर आहे."

मी म्हटलं, "परवा सकाळी गेल्या. शेवटचं पाणी मीच पाजलं."

तो म्हणाला, "बरं, साहेबांच्या कानावर घालतो." घालणार नाही हे त्याच्या आवाजावरूनच कळलं. कोणत्या तोंडानं घालेल? त्यांच्या दृष्टीनं तू मरूनच उपयोगी पडली होतीस, आणि ते काम तू फार पूर्वी आटोपलंस.

तू असतीस तर या फोनवर पोट धरून हसली असतीस. तुझं ते हसणं मला कधी आवडलं नाही. समोरच्याला ओरबाडून जायचं ते.

आम्ही तुझ्या शेजारच्या खोलीत राहायला आलो तेव्हा मी दहावीला होते. बाबा नगरपालिकेत कामाला, आणि भिवंडीत बौद्ध कुटुंबाला खोली देताना लोक आधी आडनाव विचारायचे. तू विचारलं नाहीस. पहिल्याच दिवशी सुकटीची चटणी घेऊन आलीस, आईला म्हणालीस, "माझं माहेर मानकोलीचं, खाडीकाठचं. आमच्या हातालाच मासलीचा वास, लपवून र्‍हात न्हाय." मागच्या बाजूला लूमचा, यंत्रमागांचा कारखाना होता. दिवसरात्र खटखट चालायची. त्या आवाजावर आवाज चढवून बोलायची तुला सवय लागली होती. लाइट गेली, लूम थांबले, तरी तू तशीच ओरडून बोलायचीस आणि सगळ्या चाळीला तुझं खासगी ऐकू जायचं.

मास्तर मात्र हळू बोलायचे. हायस्कूलात मराठी शिकवायचे, मलाही शिकवलं. वर्गात एखादी कविता वाचताना त्यांचा आवाज असा ओला व्हायचा की मागच्या बाकावरची पोरंही गप्प बसायची. घरी आले की तेच मास्तर तुला नावानं हाकसुद्धा मारायचे नाहीत. "चहा." एवढंच. चहा आला की कप घेणार, आणि नजर वहीतून वर नाही.

पंच्याऐंशीच्या सुमाराला त्यांची कादंबरी आली. अर्पणपत्रिकेत एकच शब्द होता, तुझं नाव, 'यमुनेस'. कादंबरीतला मास्तर 'मी' म्हणून बोलतो, लूमच्या गावात राहतो, आणि त्याची बायको यमू तापानं जाते. शेवटच्या दोनशे पानांत ती जातच असते, थोडी थोडी. मी ती एका दिवसात वाचली. डोळे सुजेपर्यंत रडले. दुसर्‍या दिवशी सकाळी नळावर गेले तर समोर तू, कंबरेला पदर खोचलेली, हंड्यासाठी कुणाशी तरी कडाकडा भांडत होतीस.

मी तुला मिठी मारली. तू म्हणालीस, "काय गो, भिजवतंस काय मना!"

"काकू, तू जिवंत आहेस."

"मग? पाणी भरायला भूत येईल काय?"

तेव्हा तू कादंबरी वाचलेली नव्हतीस. सातवीपर्यंत शिकलेली, वाचायला यायचं, पण मास्तरांनी तुला ती दिलीच नव्हती. माझी प्रत तू नेलीस. आठवडाभर ठेवलीस. मग परत आणून दिलीस आणि म्हणालीस, "यमू. मना एकदाबी यमू बोल्ले न्हाईत हां ते."

आणि थोड्या वेळानं, "माझे हात कसे हायेत ते बरोबर लिवलंय. कवा बघितले त्यांनी?"

चाळीत कादंबरी वाचणारं कोणी नव्हतं, आणि जे वाचत होते ते चाळीत राहत नव्हते. त्यामुळे जमून गेलं. शाळेच्या हेडमास्तरांना ठाऊक होतं की तू आहेस, ते तुला म्हणाले, "कल्पना असते हो वहिनी, कल्पना! साहित्यिकांचं असंच." पुस्तकाचं नाव झालं तसे बाहेरगावचे वाचक यायला लागले. पहिल्या आल्या त्या पुण्याच्या दोघी बहिणी. मी तेव्हा तुमच्या खोलीत व्याकरण समजून घ्यायला बसले होते. त्या मास्तरांसमोर बसल्या, डोळ्यांना रुमाल लावला. मोठी म्हणाली, "सर, तुम्ही कसं सोसलंत?" मास्तरांनी खाली बघितलं. त्यांनी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. तेवढ्यात तू चहा घेऊन आलीस. धाकटीनं विचारलं, "ह्या कोण?"

मी मास्तरांच्या तोंडाकडे बघत होते. ते म्हणाले, "ह्या... घरचं सगळं ह्याच बघतात."

तू ट्रे खाली ठेवलास. त्या बाईंना म्हणालीस, "साखर कमी पडली तर सांगा." आत गेलीस. मी तुझ्यामागे आत आले, वाटलं रडत असशील. तू चहाचा चोथा गाळणीतून झटकत होतीस आणि हसत होतीस. "मेल्या बाईच्या हातचा चहा प्याल्या गो त्या. बाधंल त्यांना."

त्यानंतर कुणी आलं की तू मुद्दाम बाहेर यायचीस. चांगली साडी नेसून, कुंकू ठसठशीत लावून. मास्तरांच्या कपाळावर घाम यायचा. तेवढीच तुझी करमणूक. मी तुला सांगायचे, "काकू, सरळ सांगून टाक ना." तू म्हणायचीस, "मी कशाला सांगू? मारलंय त्यांनी. त्यांनीच उठवावं."

मग कल्याणचा सत्कार झाला. मास्तर यजमानांच्या गाडीतून पुढे गेले होते. तू मला म्हणालीस, "चल, आपण जाऊ एस्टीनं." सभागृहाच्या अगदी मागच्या रांगेत आपण बसलो. मुख्य पाहुणे मुंबईचे मोठे समीक्षक. त्यांनी पाऊण तास यमूवर भाषण केलं. डॉक्टरकडून घरी येताना यमू रस्त्यावर लाल बर्फाचा गोळा मागते आणि नवरा "बरी झालीस की" म्हणून तिला पुढे नेतो, ते पान त्यांनी वाचून दाखवलं. म्हणाले, मरणाच्या उंबरठ्यावर स्त्री पुन्हा मूल होते, हे मराठीत इतक्या कोवळेपणानं कुणी लिहिलं नव्हतं. मग म्हणाले, "त्या माउलीच्या स्मृतीला आपण उभं राहून आदरांजली वाहू या."

सगळं सभागृह उभं राहिलं. मी बसून राहिले, रागानं. तू उभी राहिलीस. हात जोडलेस, डोळे मिटलेस. व्यासपीठावर मास्तरही उभे होते आणि त्यांची नजर थेट मागच्या रांगेत, तुझ्यावर. तेवढा वेळ त्यांनी तुझ्याकडे सलग कधी बघितलं असेल असं मला वाटत नाही.

परतीच्या एस्टीत मी भांडले तुझ्याशी. "तू का उभी राहिलीस? स्वतःसाठी?"

"सगळे उभे होते. मी एकटीच बसले असते तर बरं दिसलं असतं काय?"

मग खिडकीबाहेर बघत म्हणालीस, "आणि मी माझ्यासाठी न्हाय उभी र्‍हायले."

मला वाटलं तू कोड्यात बोलतेस. विचारलं नाही. ते कळायला मला एम.ए.ला जावं लागलं.

एम.ए.ला मास्तरांची कादंबरी अभ्यासाला होती. आमच्या विभागात एकच मत चालायचं: लेखकाचं आयुष्य बाहेर ठेवा, पुस्तक पुस्तकापुरतं वाचा. मी तेच शिकले होते, आणि तुझ्यावर ते मारूनही बघायचे. निबंध लिहिला होता मी. यमू खाटेवर बसते तेव्हा तिचे पाय जमिनीला टेकत नाहीत, म्हणजे तिचा जगाशी संबंध तुटत चाललाय. यमू झोपताना नवर्‍याचा अंगठा मुठीत धरते, म्हणजे परंपरेतली अवलंबून स्त्री. लूमचा आवाज ऐकून यमू विचारते, "ते कुणाला मारतायत?" म्हणजे यंत्रयुगातली हिंसा. फार खूश होते मी. दुपारी तू पायरीवर सुकट निवडत बसली होतीस आणि मी तुला तो निबंध वाचून दाखवत होते.

तुझे हात थांबले. तू म्हणालीस, "सुजा, पाय टेकत न्हाईत, कारण ती सहा वर्षांची हाय."

मी म्हटलं, "कोण?"

"मंगल. माझी मुलगी."

तू सुकट बाजूला सारलीस आणि सांगितलंस. इतक्या कोरडेपणानं की मध्ये एक फेरीवाला आला, त्याला "न्हाय पाहिजे" सांगून पुन्हा तिथूनच पुढे सुरू केलंस. तुम्ही तेव्हा मानकोलीला राहायचात, मास्तर तिथल्याच शाळेत होते. मंगलला टायफॉइड झाला. भिवंडीच्या डॉक्टरांकडे आणलंत, आणि पहिल्यांदा लूमचा आवाज ऐकून ती घाबरली, तुझ्या पोटात तोंड घालून म्हणाली, "आये, ते कोनाला मारतान?" परत जाताना नाक्यावर बर्फाच्या गोळ्याची गाडी होती. तिनं लाल गोळा मागितला. तू म्हणालीस, नको, बरी झालीस की. त्याच आठवड्यात ती गेली. मास्तरांनी भिवंडीच्या शाळेत बदली मागितली, गाव सोडलं, आणि इथे या चाळीत कुणालाही सांगितलं नाही की तुम्हाला मूल झालं होतं. त्यांनी नाव घेतलं नाही. तू घेतलंस की उठून बाहेर जायचे.

"त्यांना मंगलवर लिवता आलं न्हाय," तू म्हणालीस. "मग तिचं मरण काढलं नि माझ्या अंगावर घातलं. आणि पुस्तकातल्या त्या दोघांना मूलच न्हाय. बघितलंस? पुस्तकात मी मेलेली तर हायेच, वांझबी हाय."

त्या रात्री मी कादंबरी परत उघडली नाही. भीती वाटली. सकाळी कॉलेजच्या लायब्ररीत बसून वाचली, आणि काकू, मला हे तुझ्या तोंडावर सांगताच आलं नाही, की इतकं भयंकर आणि इतकं सुंदर मी काही वाचलेलं नव्हतं. आधी जी वाक्यं नुसती छान वाटत होती ती आता बघवत नव्हती. मास्तर वाळत घातलेल्या साडीबद्दल लिहितात, 'दोरीवर ती इतकीशी दिसली', आणि तो फ्रॉक असतो. ते तिला उचलून आत नेतात आणि 'वजनच नव्हतं' म्हणतात, कारण खरंच नव्हतं. पानापानावर बाईच्या कपड्यांत एक लहान मूल मरत होतं आणि एवढ्या मोठ्या मराठी वाचकवर्गात ते कुणाला दिसलं नव्हतं. मी निबंध फाडून टाकला. प्राध्यापकांनी कारण विचारलं तर म्हटलं, पाय चुकीचे वाचले मी.

आणि मग आपलं ते भांडण सुरू झालं, जे संपलं नाही. मी म्हणायचे, गोळ्याचं पान बघ ना काकू. 'नको' तू म्हणाली होतीस, पण पुस्तकात 'नको' तो म्हणतो. जन्मभर तोच झुरतो त्या एका 'नको'साठी. त्यांनी तुझा दोष स्वतःवर घेतला. याहून जास्त प्रेम कोण करतं?

पहिल्यांदा हे बोलले तेव्हा तू माझ्याकडे असं बघितलंस की मी पुढचं वाक्य गिळलं. "घेतला? कुणी दिला त्यांना? तिनं गोळा माझ्याकडं मागितला. 'आये' बोल्ली ती. नको मी बोल्ले. तिचं शेवटचं मागनं माझं होतं, ते तेवढं एकच माझ्याकडं उरलेलं. तेबी नेलं. आता लोक त्यांच्यासाठी रडतान."

"अगं पण त्यांनी तुला सोडवलं."

"मी बोल्ले होते सोडवा म्हणून?"

मास्तरांच्या बाजूनं बोलायला माझ्याकडे पुस्तक होतं. तुझ्या बाजूनं बोलायला तू होतीस. मी दोन्हीकडून बोलायचे आणि तू मला म्हणायचीस, "तू शिकलीस तशी दुतोंडी झालीस." मी भिवंडीतच कॉलेजात शिकवायला लागले तरी रोज दुपारी तुझ्या पायरीवर यायचेच.

मास्तरांना पक्षाघात झाला, उजवी बाजू गेली, वाचा गेली. ऐकू सगळं यायचं, कळायचंही. तू त्यांचं सगळं केलंस. अंग पुसणं, कूस बदलणं, चमच्यानं पेज भरवणं. चाळीतल्या बायका म्हणायच्या, बाई नाही, देवी आहे. मीही म्हणत होते. मग एका दुपारी लाइट गेली, लूम बंद पडले आणि भिंतीपलीकडून तुझा आवाज आला. तू वाचत होतीस. शब्दाशब्दावर अडखळत, मोठ्यानं, नेहमीच्या तुझ्या त्या ओरडून बोलायच्या आवाजात. त्यांचीच कादंबरी. जिथे जिथे यमू होतं तिथे तू मंगल वाचत होतीस.

"'मंगलनं माझा अंगठा मुठीत धरला. मंगल म्हणाली, जाऊ नका.'"

मी उठून तुमच्या दारात आले. मास्तर उताणे पडले होते. दोन्ही डोळ्यांतून पाणी कानात जात होतं, आणि डाव्या हातानंही त्यांना ते नीट पुसता येत नव्हतं. तूही पुसत नव्हतीस. पान उलटून पुढे वाचलंस. वर्षानुवर्षं जो माणूस ते नाव ऐकलं की उठून जायचा, त्याला आता उठता येत नव्हतं. तू धडा संपवलास, बोट घालून पुस्तक मिटलंस, मग पदरानं त्यांचे कान कोरडे केलेस. अगदी हलक्या हातानं.

मी बाहेर तुला धरलं. "काकू, हे तू काय चालवलंयस? मरतायत ते."

"मग वाचायला नको? मेल्यावर कोन ऐकनार?"

"ही शिक्षा आहे."

"मी फक्त वाचते गो. लिवलंय त्यांनी."

रोज दुपारी वाचलंस. संपली की पुन्हा पहिल्यापासून. मी शिव्याही घातल्या तुला, राक्षसीण म्हटलं. तू म्हणालीस, "तुझी कॉलेजात बढती झाली वाटतं, आता शिव्याबी शिकवतंस." एकदा मात्र तूच मला हाक मारलीस, धावत आले तर तू खाटेच्या कडेवर बसली होतीस आणि मास्तरांचा चांगला हात तुझ्या दंडावर होता. म्हणालीस, "नाव घेतलं त्यांनी. आत्ता. 'मं' बोल्ले." मास्तरांच्या तोंडातून घरघर येत होती. मला 'मं' ऐकू आला नाही. लूम चालू झाले होते. मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. पुढच्याच आठवड्यात ते गेले.

त्यांच्या अंत्ययात्रेला मुंबई-पुण्याहून माणसं आली. वर्तमानपत्रात आलं की यमूला भेटायला मास्तर निघाले. ते कात्रण मी तुला वाचून दाखवलं. तू म्हणालीस, "आता तिकडं जाऊन शोधतील मना."

नंतरची तीनचार वर्षं तू एकटी राहिलीस. मी तुला विचारलं होतं, मंगलचं मुलांना सांगू का, वर्गात. तू म्हणालीस, "मी मेल्यावर सांग. आता सांगितलंस तर लोक मना बघायला येतील, नि या वयात कुनासाठी चहा करू मी?" शेवटच्या आजारात पुन्हा विचारलं, बदललं नाही ना मन? तू डोळे मिटूनच म्हणालीस, "सांग गो. त्यांचं पुस्तक तरी बरोबर वाचू दे एकदा."

तुझं तेवढं एक वाक्य मी घट्ट धरून ठेवलंय. त्यात राग होता की माफी, हे मला विचारायचं होतं. तू लगेच पाणी मागितलंस आणि राहून गेलं.

तुला पोचवायला चाळीतली माणसं होती आणि मानकोलीचे तुझे भाचे. जमिनी गोडाऊनवाल्यांना दिल्यापासून त्यांच्याकडे गाड्या आल्यात. दोन गाड्या चाळीच्या बोळात शिरेनात म्हणून नाक्यावरून चालत आले. सगळं आटोपल्यावर त्यांनी मला खोली कुणाच्या नावावर आहे ते विचारलं. बाकी काही विचारलं नाही.

काल कॉलेज सुरू झालं. मी वर्गात गेले आणि सांगितलं. तुझ्या पायरीपासून सगळं, मंगल, लूमचा आवाज, लाल गोळा, आणि 'नको' कोण म्हणालं तेही. मग ते पान वाचलं. यमूच्या जागी मी काही घातलं नाही, जसं छापलंय तसंच वाचलं. तरी सगळ्यांना ती दिसली. पहिल्या बाकावरची मुलगी हुंदके द्यायला लागली. एका मुलानं मान खाली घातली ती वर केली नाही. इतकी वर्षं शिकवतेय, त्या पानावर वर्ग असा कधी झाला नव्हता. मला आनंद झाला, काकू. वाटलं, आता तुझं नाव निघेल.

मागून एक मुलगी उभी राहिली, डोळे पुसत म्हणाली, "मॅडम, बिचारे मास्तर. किती सोसलं असेल ना त्यांनी, एवढं सगळं आत ठेवून."

"आणि बायकोचा दोषपण स्वतःवर घेतला," दुसरा म्हणाला. "केवढा मोठा माणूस."

सगळे तेच बोलत राहिले. तास संपेपर्यंत तुझ्याबद्दल कुणीही एक शब्द विचारला नाही. तू आहेस का, कधी गेलीस, तुझं नाव काय, काहीच नाही. तीन मुलांनी कादंबरी विकत कुठे मिळेल ते विचारलं.

मला ओरडायचं होतं त्यांच्यावर. ओरडले नाही, कारण घरी येऊन मी पुस्तक पहिल्या पानापासून वाचलं, तू गेल्यानंतर पहिल्यांदाच, आणि ते मला पूर्वीपेक्षा जास्त आवडलं.